कोरियन युद्ध आणि परकी फौजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन मालिका आणि नूडल्स मराठी घरांत रुळल्यापासून एक प्रश्न बऱ्याचदा कानावर येतो: हे दोन कोरिया झाले कसे, आणि अमेरिकेची फौज तिथे अजून काय करते आहे? व्हिएतनामबद्दल आपल्याकडे जितके बोलले जाते तितके कोरियाबद्दल नाही. खरे तर १९५० ते १९५३ च्या त्या युद्धाशी आपला संबंध व्हिएतनामपेक्षा जवळचा आहे. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मते माझी आहेत.

कोरियाची फाळणी केली कोणी?

कोरियन लोकांनी नाही, एवढे आधी पक्के करू. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान कोसळू लागला तेव्हा सोव्हिएत फौजा उत्तरेकडून आत शिरत होत्या आणि अमेरिकेची सर्वांत जवळची मोठी फौज ओकिनावात होती. सगळा द्वीपकल्प स्टालिनच्या पदरात पडू नये म्हणून १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना एक रेषा सुचवायला सांगितले गेले. वेळ अर्धा तास, हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा एक नकाशा. त्यांनी ३८ अंश अक्षवृत्त निवडले, कारण त्यामुळे राजधानी सोल अमेरिकेच्या वाट्याला येत होती. स्टालिनने खळखळ न करता ते मान्य केले. कोणत्याही कोरियन माणसाला विचारले गेले नाही. पुढे हेच रस्क अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले आणि व्हिएतनाम युद्धाची तळी उचलत राहिले.

रेषा तात्पुरती होती. जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे घ्यायची, एवढ्याचसाठी. पण दोन्ही बाजूंनी आपापली माणसे बसवली: उत्तरेत सोव्हिएत सैन्यात कॅप्टन राहिलेले तेहतीस वर्षांचे किम इल-सुंग, दक्षिणेत अमेरिकेत अनेक दशके काढून परतलेले सत्तरीचे सिंगमन री. संयुक्त राष्ट्रांनी निवडणुकांसाठी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष होते आपले के. पी. एस. मेनन. उत्तरेने आयोगाला आत येऊच दिले नाही. मग मे १९४८ मध्ये फक्त दक्षिणेत मतदान झाले, १५ ऑगस्टला दक्षिण कोरिया आणि ९ सप्टेंबरला उत्तर कोरिया जाहीर झाला. सगळा देश आमचाच, असा दावा दोघांचाही होता.

मग हे यादवी युद्ध होते की आक्रमण?

दोन्ही. २५ जून १९५० च्या रविवारी पहाटे उत्तरेच्या फौजेने ३८ अंशांची रेषा ओलांडली, यात आता वाद उरलेला नाही. सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर उरलासुरला संशयही गेला. पण गोळी काही त्या पहाटे पहिल्यांदा सुटली नव्हती. जेजू बेटावर १९४८ मध्ये उठाव झाला आणि तो दक्षिणेच्या सरकारने अमानुषपणे चिरडला. १९४९ भर सीमेवर चकमकी चालू होत्या आणि त्यातल्या काही दक्षिणेनेही उकरून काढल्या होत्या. री उघडपणे उत्तरेवर चालून जाण्याची भाषा करत. म्हणूनच अमेरिकेने त्यांना रणगाडे आणि जड तोफा दिल्या नाहीत. किम यांना मात्र रशियाचे टी-३४ रणगाडे मिळाले होते, शिवाय चीनच्या यादवी युद्धात माओच्या बाजूने लढून तयार झालेले हजारो कोरियन सैनिक.

स्टालिनने होकार कशाला दिला?

किम १९४९ पासून परवानगी मागत होते आणि स्टालिन नकार देत होते. १९५० च्या सुरुवातीला गणित बदलले. चीनमध्ये माओ जिंकले होते, रशियाकडे अणुबॉम्ब आला होता, दक्षिणेतून अमेरिकन लढाऊ फौज जून १९४९ मध्येच निघून गेली होती. जानेवारीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन यांनी आशियातल्या संरक्षणरेषेची जी आखणी सांगितली तीत कोरिया नव्हता. या भाषणाचे महत्त्व कधी कधी जरा जास्तच सांगितले जाते, पण एकूण चित्र किम यांना अनुकूल होते.

स्टालिनची अट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: अडचणीत आलात तर रशियन सैन्य येणार नाही, मदत माओकडे मागा. किम मे महिन्यात बीजिंगला जाऊन माओची संमती घेऊन आले. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे म्हणतात ते हेच.

संयुक्त राष्ट्रांचे सैन्य म्हणजे नेमके कोणाचे? रशियाने नकाराधिकार का वापरला नाही?

रशियाचे प्रतिनिधी याकोव्ह मलिक खोलीतच नव्हते. चीनची जागा माओकडून हरून तैवानला गेलेल्या चँग कै-शेक सरकारकडेच ठेवल्याच्या निषेधार्थ रशियाने जानेवारीपासून सुरक्षा परिषदेवर बहिष्कार टाकला होता. जून महिन्याचे परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे सर बेनेगल नरसिंह राव यांच्याकडे होते. २५ जूनच्या पहिल्या ठरावाला, म्हणजे उत्तरेने मागे हटावे या मागणीला, भारताने पाठिंबा दिला. २७ जूनच्या दुसऱ्या ठरावात दक्षिणेला मदत करण्याचे आवाहन होते. राव यांच्यापर्यंत दिल्लीच्या सूचना वेळेत पोचल्या नाहीत म्हणून ते मतदानात सहभागी झाले नाहीत, आणि भारताने दोन दिवसांनी तो ठराव मान्य केला. ७ जुलैला अमेरिकेच्या हाताखाली संयुक्त सेनापतिपद देणारा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. पुढच्या तीन वर्षांचे नेहरूंचे धोरण या तीन मतांत आलेले आहे: आक्रमण चूक, पण त्याच्या नावाखाली उघडा धनादेश देणार नाही.

लढाऊ सैन्य पाठवणारे देश सोळा होते. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, तुर्कस्तान हे ओळखीचे. पण इथिओपिया, कोलंबिया, थायलंड, फिलिपाइन्स आणि चिमुकले लक्झेंबर्गसुद्धा. निळा झेंडा असला तरी हुकूम अमेरिकेचा चालायचा. १९५३ मध्ये या फौजेत अमेरिकन सुमारे तीन लाख होते, आणि त्यांच्या जवळपास दुप्पट खुद्द दक्षिण कोरियाचे. हा दुसरा आकडा पाश्चात्त्य वर्णनांत नेहमी मागे पडतो.

अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी इतक्या झटपट निर्णय का घेतला?

म्युनिकची आठवण ताजी होती. १९३८ मध्ये हिटलरला सवलत दिली आणि पुढे महायुद्ध ओढवले, हा धडा त्या पिढीच्या अंगात भिनलेला होता. शिवाय चीन गमावल्याचे खापर देशात ट्रुमन यांच्याच डोक्यावर फुटत होते. काँग्रेसकडून युद्धाची घोषणा त्यांनी घेतलीच नाही. ही पोलीस कारवाई आहे काय, असे एका पत्रकाराने विचारले तेव्हा त्यांनी होकार भरला, आणि छत्तीस हजारांवर अमेरिकनांचा बळी घेणारे युद्ध कागदोपत्री पोलीस कारवाईच राहिले.

२७ जूनच्या त्यांच्या निवेदनात आणखी एक गोष्ट होती. कोरियाला मदत जाहीर करतानाच त्यांनी सातवे आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत धाडले आणि इंडोचायनात लढणाऱ्या फ्रेंचांची मदत वाढवली. म्हणजे कोरियासाठी उचललेले पाऊल त्याच दिवशी चीनच्या यादवीत आणि व्हिएतनामच्या युद्धातही पडले. माओने तैवानवरची स्वारी पुढे ढकलली, आणि अमेरिका आपल्याला तीन बाजूंनी घेरते आहे असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष अगदीच बिनबुडाचा नव्हता.

पहिल्या वर्षात आघाडी इतकी वर-खाली का होत राहिली?

थोडक्यात सांगतो. २८ जूनला सोल पडले. त्या पहाटे दक्षिणेच्याच सैन्याने हान नदीवरचा पूल उडवला, तेव्हा त्यावर निर्वासितांची गर्दी होती. ५ जुलैला ओसानजवळ जपानहून घाईघाईने आणलेल्या पाचशे चाळीसेक अमेरिकनांनी रणगाडे अडवायचा प्रयत्न केला. त्यांच्या बझूकाचे (खांद्यावरून डागायच्या रॉकेटनळीचे) गोळे टी-३४ च्या पत्र्यावरून घरंगळून जात होते. ऑगस्टपर्यंत दक्षिणेकडे उरला तो बुसानभोवतीचा कोपरा. १५ सप्टेंबरला जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी शत्रूच्या पाठीमागे इंचॉनला सैन्य उतरवले. तिथे भरती-ओहोटीतला फरक तीसेक फुटांचा, ओहोटीला नुसता चिखल. जुगार होता, पण फळला. उत्तरेची फौज विस्कटली आणि सोल परत मिळाले. ज्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी सैन्य पाठवले ते काम इथे पुरे झाले होते.

मग तिथेच का थांबले नाहीत? ३८ अंश ओलांडणे ही चूक होती का?

होय, माझ्या मते या युद्धातली सर्वांत महागात पडलेली चूक हीच. जूनमधला हस्तक्षेप समर्थनीय होता. ऑक्टोबरमधला हव्यासाचा होता.

धोक्याची सूचना मिळालेली होती, आणि ती आपल्यामार्फत. २ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री बीजिंगमधले भारताचे राजदूत सरदार के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्या घरी बोलावण्यात आले. चाऊंनी चहा दिला आणि मग सरळ मुद्द्यावर आले: दक्षिण कोरियाच्या सैन्याने रेषा ओलांडली तर आम्हाला त्याचे काही नाही, पण अमेरिकन सैन्य पलीकडे आले तर चीन युद्धात उतरेल. अमेरिकेचा चीनमध्ये राजदूत नव्हता, त्यामुळे निरोप दिल्ली आणि लंडनमार्गे वॉशिंग्टनला गेला. तिथे तो पोकळ धमकी म्हणून बाजूला सारला गेला. पणिक्कर चीनच्या बाजूने झुकलेले आहेत, त्यांचे काय ऐकायचे, असा एकूण सूर. दूत आवडत नाही म्हणून निरोप खोटा ठरवायचा, हा सत्ताधाऱ्यांचा जुना रोग आहे.

७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अखंड कोरियाची भाषा असलेला ठराव मंजूर केला. भारत मतदानात तटस्थ राहिला. अमेरिकन सैन्य पलीकडे गेले. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर ट्रुमन यांनी विचारले तेव्हा चीन युद्धात पडण्याची शक्यता फारच कमी, असे मॅकआर्थर यांनी सांगितले. १९ ऑक्टोबरला प्याँगयांग पडले, आणि त्याच रात्री चिनी फौजा सीमेवरची यालू नदी ओलांडून गुपचूप कोरियात उतरल्या.

चीनने त्यांना 'स्वयंसेवक' का म्हटले?

चीन आणि अमेरिका यांच्यात अधिकृत युद्ध व्हायला नको होते म्हणून. प्रत्यक्षात ते नेहमीचे चिनी सैन्य होते, सेनापती पेंग दहुआय. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तीनेक लाख सैनिक डोंगरांत येऊन बसले तरी अमेरिकेच्या विमानांना पत्ता नव्हता. ते रात्री चालत आणि दिवसा झाडीत निपचित पडून राहत. खालच्या तुकड्यांकडे वायरलेस नव्हते. हल्ल्याचे इशारे बिगूल आणि शिट्ट्यांनी दिले जात. अंधारात चहूबाजूंनी वाजणाऱ्या त्या बिगुलांची आठवण अमेरिकन सैनिक म्हातारपणापर्यंत काढत.

नोव्हेंबरअखेर चोसिन जलाशयाजवळ उणे तीस अंशांत जी लढाई झाली तीत दोन्ही बाजूंना गोळीइतकेच थंडीने मारले. चीनची नववी सेना पूर्व चीनमधून थेट आणलेली, अंगावर पातळ कापसाचे कपडे. कित्येक सैनिक मोर्चावरच गोठून गेले. माओचा मुलगा आनयिंग याच सुमारास हवाई हल्ल्यात ठार झाला. डिसेंबरमध्ये हुंगनाम बंदरातून लाखभर सैनिक आणि जवळपास तितकेच निर्वासित जहाजांनी दक्षिणेला आणले गेले. मेरेडिथ व्हिक्टरी या एका मालवाहू जहाजात चौदा हजार माणसे उभी होती. पुढे दक्षिण कोरियाचे अध्यक्ष झालेले मून जे-इन यांचे आईवडील त्यांतच होते.

४ जानेवारी १९५१ ला सोल पुन्हा पडले, मार्चमध्ये पुन्हा परत मिळाले. एकाच शहराने नऊ महिन्यांत चार वेळा मालक बदलले. आणि आघाडी येऊन स्थिरावली ती जवळपास ३८ अंशांवरच.

रशिया लढला का?

लढला, पण आकाशात आणि चोरून. नोव्हेंबर १९५० पासून रशियन वैमानिक मिग-१५ घेऊन वायव्य कोरियावर झुंजत होते. विमानांवर चिनी किंवा कोरियन खुणा, अंगावर चिनी गणवेश, आणि रेडिओवर कोरियन शब्दांतच बोलायचा हुकूम. झटापट रंगात आली की तो हुकूम कोणी पाळत नसे. रशियन शिव्या अमेरिकनांना ऐकू यायच्या. अमेरिकेला हे ठाऊक होते आणि तिनेही तोंड बंद ठेवले, कारण उघड केले असते तर देशात रशियाशी युद्धाची मागणी उठली असती. दोन महासत्ता एकमेकींची विमाने पाडत होत्या आणि दोघीही तसे काही घडतच नाही असे दाखवत होत्या.

अणुबॉम्ब टाकायची वेळ खरेच आली होती का?

बोलणे झाले होते. ३० नोव्हेंबर १९५० ला ट्रुमन पत्रकारांसमोर म्हणून गेले की त्याच्या वापराचा विचार नेहमीच चालू असतो. ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली घाबरून वॉशिंग्टनला धावले. मॅकआर्थर यांना युद्ध चीनमध्ये न्यायचे होते आणि हे ते जाहीरपणे बोलत राहिले. ११ एप्रिल १९५१ ला ट्रुमन यांनी त्यांना काढून टाकले. त्या वेळी अमेरिकेत ट्रुमन यांची छी-थू झाली. आज बहुतेकांना तो निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला शहाणा निर्णय वाटतो.

वाटाघाटी दोन वर्षे कशावर अडल्या होत्या?

मुख्यतः युद्धकैद्यांवर. बोलणी जुलै १९५१ मध्ये केसोंगला सुरू झाली, मग पानमुनजोम या खेड्यात गेली. सीमेचा प्रश्न तुलनेने लवकर मिटला. पण १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो की युद्ध संपताच सगळे कैदी परत करा, आणि अमेरिकेने भूमिका घेतली की ज्याला जायचे नाही त्याला जबरदस्तीने पाठवणार नाही. ऐकायला माणुसकीची बाब. मात्र गोजे बेटावरच्या छावण्यांत निवड कशी होत होती ते पाहिले की चित्र गढूळ होते. काही बराकी कट्टर कम्युनिस्टांच्या, काही कट्टर कम्युनिस्टविरोधकांच्या. दोन्हींत मारहाण, खून, कैद्यांनीच भरवलेली बेकायदा न्यायालये. परत जाण्याची दारे बंद व्हावीत म्हणून अनेक चिनी कैद्यांच्या हातांवर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवल्या गेल्या. मे १९५२ मध्ये तर कैद्यांनी छावणीच्या अमेरिकन जनरललाच पकडून ठेवले.

या दोन वर्षांत खंदकांतून लढाई चालूच होती आणि नाव घेण्याजोगा प्रदेश कोणाच्या हाती लागला नाही. तोडगा आमसभेत व्ही. के. कृष्ण मेनन यांनी मांडलेल्या भारताच्या ठरावातून निघाला: परत न जाणाऱ्या कैद्यांना तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवा. डिसेंबर १९५२ मध्ये तो मंजूर झाला तेव्हा रशियाने तो धुडकावला. मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारले आणि गाडी हलली.

भारताने सैन्य पाठवले होते का?

लढायला नाही. ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स हे लष्करी वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली नोव्हेंबर १९५० मध्ये पोचले. डिसेंबरमध्ये प्याँगयांग सोडून पळापळ सुरू झाली तेव्हा वाहने नव्हती, सामान टाकून या, असे सांगण्यात आले. आमच्या लोकांनी यार्डात पडलेले वाफेचे इंजिन शोधले, बादल्यांनी पाणी भरले, डबे जोडले आणि स्वतः चालवत दवाखान्याचे सगळे सामान दक्षिणेला आणले. मागचा पूल त्यानंतर थोड्याच वेळात उडवला गेला. मार्च १९५१ मध्ये याच पथकातल्या बारा जणांनी मुनसानला अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर उडी घेतली आणि खाली उतरून जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले.

आणि महाराष्ट्राचा संबंध?

तो शस्त्रसंधीनंतर येतो. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष लेफ्टनंट जनरल थिमय्या होते, आणि बावीस हजारांवर कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे. मराठा रेजिमेंटची परंपरा सांगणारी २ पॅरा ही पलटणही या फौजेत होती.

पहिलाच प्रसंग नमुनेदार. भारतीय सैनिकांनी आपल्या भूमीवर पाऊल ठेवले तर बघून घेऊ, अशी धमकी सिंगमन री यांनी दिली होती. त्यांच्या लेखी आपण कम्युनिस्टांचे हस्तक. तेव्हा पाच-सहा हजार जवान इंचॉनच्या समुद्रातूनच अमेरिकन हेलिकॉप्टरांनी उचलून निर्लष्करी पट्ट्यात नेले गेले. तिथे तंबूंचे गाव वसले, त्याचे नाव हिंदनगर. री यांच्या देशातून फौज नेली खरी, पण त्यांच्या मातीला पाय न लावता.

काम कमालीचे नाजूक होते. प्रत्येक बाजूने आपल्या कैद्यांना तंबूत बोलावून 'घरी चला' हे समजावायचे, कैद्याने निर्णय सांगायचा, आणि भारतीय सैनिकांनी कोणाला धाक बसणार नाही हे पाहायचे. कैदी दगडफेक करत, तंबूत जायलाच नकार देत. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेले. थोरात गोळीबाराचा हुकूम देऊ शकत होते. ते मोजक्या लोकांनिशी स्वतः त्या जमावात गेले, बोलत राहिले आणि आपला माणूस बाहेर घेऊन आले. सगळे दिवस असे पार पडले नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या दंगलीत भारतीय सैनिकांना गोळ्या झाडाव्या लागल्या आणि काही कैदी मेले.

जानेवारी १९५४ मध्ये बहुतेक कैदी तैवानला आणि दक्षिण कोरियाला गेले. एकवीस अमेरिकन आणि एक ब्रिटिश यांनी उलट चीनचा रस्ता धरला. अठ्ठ्याऐंशी जणांना दोन्हींकडे जायचे नव्हते. ते आपल्या फौजेबरोबर जहाजाने मद्रासला आले. पुढे त्यांतले बरेच ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही भारतातच स्थायिक झाले. (थोरात यांनी १९५९ मध्ये चीन ईशान्य सीमेवर कसा हल्ला करेल याचा अंदाज लेखी दिला होता. तोही दिल्लीने ऐकला नाही. पणिक्करांच्या निरोपावरून वॉशिंग्टनला हसण्याआधी हे आठवावे.)

एकूण किती माणसे मेली?

सैनिकी आकडे बऱ्यापैकी पक्के आहेत: अमेरिकेचे ३६ हजारांवर, चीनच्या अधिकृत हिशेबाने त्यांचे १ लाख ९७ हजारांवर, दक्षिण कोरियाचे सव्वा लाखाहून जास्त, ब्रिटनचे हजारावर. कोरियन नागरिकांचा हिशेब कोणी नीट ठेवलाच नाही. सगळे धरून वीस ते तीस लाख, असे अंदाज आहेत.

अमेरिकेने कोरियावर ६ लाख ३५ हजार टन बॉम्ब टाकले, शिवाय ३२ हजार टनांवर नेपाम, म्हणजे चिकटून जळणारे इंधन. उत्तरेची बहुतेक शहरे मातीत मिळाली. मे १९५३ मध्ये तर भातशेतीला पाणी देणारी धरणे फोडली. उत्तर कोरियाच्या आजच्या अमेरिकाद्वेषात सरकारी प्रचार भरपूर आहे, पण त्या प्रचाराला विटा कुठून मिळाल्या ते या आकड्यांत दिसते.

अत्याचार एकाच बाजूने केले, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १९५० च्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या सरकारने डावे असल्याच्या संशयावरून हजारो लोकांना रांगेत उभे करून मारले. उत्तरेच्या सैन्याने सोलच्या रुग्णालयात जखमींना मारले. नोगुन-रीच्या रेल्वे पुलाखाली अमेरिकन सैनिकांनी निर्वासितांवर गोळ्या झाडल्या. ते प्रकरण जगासमोर यायला १९९९ उजाडले.

युद्ध संपले का?

कागदावर नाही. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला झाली ती शस्त्रसंधी. री यांनी तर सहीच केली नाही. महिनाभर आधी सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून देऊन त्यांनी तोडगा उधळायचाही प्रयत्न केला होता. सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद निर्लष्करी पट्टा राहिला. आधी दक्षिणेत असलेले केसोंग उत्तरेत गेले, उत्तरेतले सोकचो दक्षिणेत आले. चिनी फौज १९५८ पर्यंत परतली. अमेरिकेचे सुमारे २८ हजार ५०० सैनिक आजही आहेत, आणि उद्या युद्ध झाले तर दक्षिणेच्या सैन्याची सूत्रे अमेरिकन जनरलच्या हाताखालच्या संयुक्त कमांडकडे जातात.

घरे तुटली ती तुटलीच. १९८३ मध्ये दक्षिणेच्या केबीएस वाहिनीने हरवलेल्या नातेवाइकांचा शोध थेट प्रक्षेपणातून सुरू केला. लोक गळ्यात पाट्या घालून आले: नाव, गाव, आईचे नाव, अंगावरचा व्रण. एका रात्रीचा कार्यक्रम १३८ दिवस चालला आणि दहा हजारांवर कुटुंबांची गाठ पडली. ही सगळी दक्षिणेतलीच माणसे. सीमेपलीकडच्यांना पत्रही टाकता येत नव्हते.

व्हिएतनाम आणि कोरिया यांत फरक काय?

साम्य डोळ्यांत भरते: परक्यांनी आखलेली रेषा, उत्तरेत कम्युनिस्ट, दक्षिणेत अमेरिकेचा हुकूमशहा मित्र. फरक असा की कोरियात उत्तरेची फौज उघड रेषा ओलांडून आली, तर व्हिएतनाममध्ये दक्षिणेच्या खेड्यांतच लढाई पेटली होती. आणि कोरियात चीन उतरला ही आठवण इतकी खोल होती की व्हिएतनाममध्ये अमेरिकेने उत्तरेवर जमिनीवरून स्वारी करायचे कायम टाळले. म्हणजे पणिक्करांचा निरोप पंधरा वर्षे उशिरा पोचला. दक्षिण कोरियाने व्हिएतनामला एकूण तीन लाखांवर सैनिक पाठवले आणि बदल्यात मिळालेल्या डॉलरांतून रस्ते आणि कारखाने उभे केले, हेही विसरायला नको.

दक्षिण कोरिया आज श्रीमंत आहे. म्हणजे हस्तक्षेप बरोबरच ठरला ना?

हा युक्तिवाद हल्ली फार चालतो. जून १९५० चा निर्णय झाला नसता तर सोलही किम घराण्याखाली असते, हे मान्य. पण परकी फौज आली, तिने लोकशाही आणली आणि समृद्धी आली, असा क्रम नव्हता. री यांना १९६० मध्ये विद्यार्थ्यांनी रस्त्यावर गोळ्या झेलून घालवले. वर्षभरात पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव केला. १९८० मध्ये ग्वांगजूला सैन्याने आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या, आणि अमेरिकेचे हजारो सैनिक देशात असूनही मध्ये पडले नाहीत. अध्यक्षाची थेट निवडणूक लोकांनी १९८७ मध्ये मिळवली, तीही लाखोंच्या मोर्चांनंतर. परक्या फौजेने फार तर रेषा राखली. रेषेच्या अलीकडचा देश तिथल्याच लोकांनी घडवला, पुष्कळदा त्या फौजेच्या लाडक्या सरकारांशी भांडून.